बर्गरमधला तो मलईदार सॉस घरच्या घरी (केचपशिवाय!)

आमसूल

बर्गरच्या साखळी दुकानांत पावाच्या कडेने ओघळणारा फिकट नारिंगी सॉस म्हणजे मेयोमध्ये कालवलेलं टोमॅटो केचप, अशी बहुतेकांची पक्की समजूत असते. घरी तसं कालवून बघितलं की रंग जमतो, चव काही केल्या जमत नाही. नुसतं गोडगोड लागतं आणि दुसऱ्या घासाला कंटाळा येतो. कारण ज्याची नक्कल करायची, त्यात केचप नाहीच.

ही चव जगभर पोचली ती बिग मॅकमुळे. पेनसिल्व्हेनियातल्या युनियनटाउन गावी मॅकडॉनल्ड्सचं दुकान चालवणाऱ्या जिम डेलिगाटी यांनी १९६७ साली हा दोन मजली बर्गर काढला आणि १९६८ मध्ये तो अमेरिकाभर गेला. सॉसभोवती गुप्ततेचं वलय बरंच होतं, पण २०१२ मध्ये कंपनीच्या कॅनडा शाखेनेच एक व्हिडिओ टाकला. त्यात त्यांचे शेफ डॅन कूड्रो वाणसामानाच्या दुकानात मिळणाऱ्या वस्तूंतून हा बर्गर करून दाखवतात. सॉसमध्ये मेयोनेज, काकडीचं गोड रेलिश (बारीक चिरलेल्या काकडीचं आंबटगोड लोणचं), पिवळा मस्टर्ड सॉस, व्हाइट वाइन व्हिनेगर, कांद्याची पावडर, लसणाची पावडर आणि पॅप्रिका (मवाळ लाल मिरचीची पूड). संपली यादी. रंग येतो तो पॅप्रिकाचा.

आपल्याकडे बिग मॅक मिळत नाही, महाराजा मॅक मिळतो, आणि त्याचा सॉस वेगळा. त्यामुळे परदेशातून आलेली भाची 'मावशी, तसाच सॉस कर ना' म्हणाली की पंचाईत. माझ्या घरी अंडंही चालत नाही. तेव्हा खालची कृती बिनअंड्याची आहे.

आधी रेलिश, कारण या सॉसचा जीव त्यात आहे. दोन मध्यम, करकरीत काकड्या (साधारण पाव किलो) आधी चाखून घ्या, कडू असतील तर सगळं फुकट. बिया काढून अगदी बारीक चिरा. किसू नका, किसाचा लगदा होतो. चमचाभर मीठ लावून अर्धा तास ठेवा आणि घट्ट पिळा. पाणी राहिलं तर पुढे सॉस पातळ होणार. पाव कप व्हिनेगर, तीन टेबलस्पून साखर, पाव चमचा भरडलेली मोहरी आणि चिमूटभर हळद उकळायला ठेवा, साखर विरघळली की काकडी टाका आणि रस आटेपर्यंत पाच-सात मिनिटं शिजवा. गार करून काचेच्या बाटलीत. फ्रिजमध्ये दोन आठवडे सहज टिकतं.

मेयोसाठी तापवून, साय काढून, फ्रिजमध्ये गार केलेलं दूध १०० मिली, बिनवासाचं रिफाइंड तेल २०० मिली, अर्धा चमचा मीठ. उभ्या, अरुंद भांड्यात सगळं एकदम घाला, हँड ब्लेंडर तळाशी टेकवून चालू करा आणि खालून पांढरं होत आलं की हळूहळू वर उचला. मिनिटभरात घट्ट होतं. शेवटी दोन चमचे लिंबाचा रस किंवा व्हिनेगर. तो घातल्यावर आणखी घट्ट होतं.

आता जमवाजमव. अर्धा कप मेयो, दोन टेबलस्पून रेलिश (पुन्हा एकदा निथळून), दोन चमचे पिवळा मस्टर्ड सॉस, एक चमचा व्हिनेगर, एक चमचा कांदा पावडर, पाव चमचा लसूण पावडर, अर्धा चमचा पॅप्रिका. पॅप्रिकाऐवजी काश्मिरी किंवा ब्याडगी मिरचीची पूड चालते, फक्त ती तिखट आहे का ते आधी बघा. चमच्याने ढवळा, पुन्हा ब्लेंडर लावू नका. रात्रभर फ्रिजमध्ये. ताजा केलेला सॉस चाखून 'छे, जमला नाही' म्हणू नका. कांद्या-लसणाची पावडर भिजून उघडायला वेळ लागतो.

खारीबटर

वाचनखूण साठवली. पण केचपला एवढं हिणवायचं कारण? थाउजंड आयलंड ड्रेसिंग म्हणजे तरी काय, मेयो आणि केचपच की. बिग मॅकचा सॉस म्हणजे थाउजंड आयलंड असं मी कितीतरी ठिकाणी ऐकलंय.

आमसूल

@खारीबटर, ऐकलंय सगळ्यांनीच. दोन्हींत मेयो आणि गोड रेलिश आहे, म्हणून दिसायला सख्खी भावंडं. थाउजंड आयलंडमध्ये टोमॅटो असतो (केचप किंवा चिली सॉसच्या रूपात), काही जण उकडलेलं अंडंही बारीक चिरून घालतात. इथे टोमॅटोच्या जागी मस्टर्ड आहे. टोमॅटो आणि मस्टर्डचा आंबटपणा एक नाही. केचप घातलेला सॉस कोशिंबिरीवर छान लागतो. तळलेल्या टिक्कीबरोबर मात्र तोंडाला मिठी बसते, तिथे मस्टर्ड हवीच.

जर्सीकर

कृती बरोबर आहे, पण 'केचप नाहीच' हा नियम एका सॉसपुरता ठेवा. कॅलिफोर्नियाच्या इन-एन-आउट या बर्गर-साखळीचा 'स्प्रेड' आहे ना, त्यात टोमॅटो असतो आणि तो थाउजंड आयलंडच्या बराच जवळ जातो. यूटा राज्यात तर 'फ्राय सॉस' नावाने निव्वळ मेयो-केचप मिळतं आणि तिथल्या लोकांना त्याचा भारी अभिमान. फ्रेंच फ्राइज त्यातच बुडवायच्या. तेव्हा अमेरिकेत बर्गर सॉस म्हटलं की गावोगावी वेगळं उत्तर मिळेल.

इथे अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी एक सूचना. रेलिश घेताना बाटलीवर 'स्वीट' आहे ना ते बघा. शेजारीच 'डिल' रेलिशची बाटली उभी असते, हिरवीगार, अगदी तशीच. ते शेपूच्या वासाचं आणि बिनसाखरेचं असतं.

आणि सॉसइतकंच महत्त्वाचं म्हणजे लेट्यूस. पान आख्खं ठेवू नका, बारीक पट्ट्या कापा. म्हणजे सॉस पट्ट्यांना धरून राहतो आणि चावताना मागून सुटून शर्टावर येत नाही.

आमसूल

@जर्सीकर, मान्य. मी बिग मॅकच्या घराण्याबद्दल बोलत होते. लेट्यूसऐवजी आमच्याकडे कोबी असतो. बारीक चिरून बर्फाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवला आणि नीट निथळला की मस्त कुरकुरीत होतो.

पाटावरवंटा

पिवळ्या मस्टर्ड सॉसची बाटली आणायची, दोन चमचे काढायचे आणि उरलेली वर्षभर फ्रिजच्या दारात नांदवायची, हे काही पटत नाही. आपल्याकडे मोहरी फेसायची पद्धत आहेच की. चमचाभर मोहरी, मीठ, थोडं पाणी घालून पाट्यावर घासायची, नाकात झिणझिण्या आल्या की झाली. काकडीच्या कोशिंबिरीत घालतो तीच. ती का चालू नये?

आमसूल

@पाटावरवंटा, चव भन्नाट येईल, पण सॉस वेगळाच होईल. आपली काळी-तांबडी मोहरी पाण्यात फेसली की जो झणका येतो तो हवेत उडणारा, म्हणून नाकात जातो. अमेरिकन पिवळा मस्टर्ड सॉस पांढऱ्या-पिवळ्या मोहरीचा. तिची तिखटी उडत नाही, जिभेवर लागते आणि तिथेच संपते. शिवाय त्यात व्हिनेगर भरपूर. आणि तो पिवळाधमक रंग कशाचा, तर हळदीचा!

घरी करायचा असेल तर पिवळी मोहरी (किराणा दुकानात मिळते, नाही तर बंगाली सामान ठेवणाऱ्यांकडे नक्की) व्हिनेगरात रात्रभर भिजवा. सकाळी मीठ, हळद, चिमूटभर साखर घालून गुळगुळीत वाटा आणि मंद आचेवर पाच मिनिटं ढवळत शिजवा. वाटल्याबरोबर कडवट लागेल. बाटलीत भरून दोन-तीन दिवस विसरा, कडवटपणा उतरतो.

लॅबकोट

मोहरीबद्दल थोडी भर. दाण्यात तिखट काही नसतंच. दोन घटक वेगवेगळ्या कप्प्यांत असतात, दाणा फुटून पाणी मिळालं की एक एन्झाइम काम सुरू करतं आणि तिखटपणा तयार होतो. म्हणून थंड पाण्यात फेसलेली मोहरी जास्त चढते, उकळत्या पाण्यात घातली तर एन्झाइम मरतं आणि मोहरी मवाळ, थोडी कडू राहते. आंबट घातलं की ही क्रिया मंदावते. लोणच्यात मोहरी फेसून मग कैरीच्या आंबटात घालतात, त्यामागे हेच आहे. आधी झणका तयार होऊ द्यायचा, मग त्याला आंबटात थोपवायचं.

आणि दुसरं, मोहरीच्या सालीत एक चिकट द्रव्य असतं, ते तेल-पाणी एकत्र धरायला मदत करतं. मेयोत चमचाभर मस्टर्ड घालतात ते केवळ चवीसाठी नाही.

पाटावरवंटा

@लॅबकोट, आमच्या आजीला एन्झाइम माहीत नव्हतं पण 'मोहरी गार पाण्यात फेस गं' हे ठाऊक होतं. असो, पिवळी मोहरी आणते.

झटपट_झेपेल_तेवढं

दुधाचं मेयो मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात लावलंय. तेल वर तरंगतंय आणि खाली पातळ दूध. हँड ब्लेंडर नाहीये माझ्याकडे. पाहुणे सात वाजता येणार आहेत. कुणीतरी सांगा काय करू, प्लीज!

लॅबकोट

फेकू नका. मिक्सर बंद करा आणि भांडं तसंच दहा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा, चटणीचं भांडं तापतं हा निम्मा घोटाळा असतो. मग हे सगळं एका वाटीत ओतून ठेवा. त्याच भांड्यात दोन चमचे थंडगार दूध आणि असेल तर चमचाभर मस्टर्ड सॉस घेऊन फिरवा, मग वाटीतलं फुटलेलं मिश्रण चमच्या-चमच्याने घालत थांबून थांबून फिरवा. सलग चालवू नका. पहिले पाच-सहा चमचे नीट मिसळले की पुढचं जरा धीटपणे घाला.

पाहुणे येईपर्यंत हे वाचायची गरज नाही, पण नंतर वाचा. मेयो म्हणजे पाण्यात विखुरलेले तेलाचे बारीक थेंब. एरवी ते थेंब एकमेकांना भेटून पुन्हा तेलाचा तवंग करतात. अंड्याच्या मेयोत बलकातलं लेसिथिन आणि प्रथिनं, दुधाच्या मेयोत दुधातली प्रथिनं, विशेषतः केसीन, प्रत्येक थेंबाभोवती पातळ आवरण करतात. म्हणून थेंब वेगळे राहतात. यातून एक उलटी वाटणारी गोष्ट निघते. मेयो पातळ वाटलं तर आपण दूध कमी करायला बघतो किंवा कॉर्नफ्लोर शोधतो. खरं तर तेल *वाढवायचं*. थेंब जितके जास्त, तितके ते एकमेकांना दाटीवाटीने चिकटून बसतात, लोकलच्या पहिल्या डब्यासारखे, आणि मिश्रण हलेनासं होतं. मात्र एका मर्यादेपुढे आवरण पुरत नाही आणि सगळंच फुटतं. दुधाला दुप्पट तेल हे प्रमाण म्हणूनच सोयीचं आहे.

लिंबू शेवटी का, तर आधी घातलं तर दूध फाटून दाणे येऊ शकतात. तेल एकजीव झाल्यावर घातलं तर तीच प्रथिनं जरा गोळा होऊन उलट दाटपणा देतात.

झटपट_झेपेल_तेवढं

जमलं!!! देव तुमचं भलं करो. थोडं सैल आहे पण मेयो आहे.

आमसूल

वा! फ्रिजमध्ये ठेव, तासाभरात आणखी आळेल. रेलिश मात्र अगदी वाढायच्या आधी घाल म्हणजे पाणी सुटणार नाही.

तेलाबद्दल राहिलंच. घाण्याचं शेंगदाणा तेल घेऊ नका, सॉसला शेंगदाण्याचा वास मारतो. एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल तर नकोच, ब्लेंडरच्या वेगाने ते कडू होतं. सूर्यफूल किंवा राइस ब्रान बरं.

थेम्सकाठी

अंडं खाणाऱ्यांसाठी: एक आख्खं अंडं, पाऊण कप तेल, चमचाभर मस्टर्ड, चमचाभर लिंबू, त्याच उभ्या भांड्यात तसंच ब्लेंडरने. दुधाच्या मेयोपेक्षा याला खोली जास्त येते, हे कितीही नाकारलं तरी खरं आहे. इथे इंग्लंडमध्ये सिंहाचा शिक्का असलेली अंडी मिळतात. २०१७ पासून इथल्या अन्न प्रमाण संस्थेनेच ती गरोदर बायका, लहान मुलं आणि वृद्धांनी कच्ची किंवा अर्धी कच्ची खाल्ली तरी चालतील असं म्हटलंय. त्यामुळे मी निर्धास्त करते.

लॅबकोट

@थेम्सकाठी, तिथे ठीक. भारतात कोपऱ्यावरच्या दुकानातल्या अंड्याबद्दल असं कुणी म्हणू शकत नाही. साल्मोनेला (पोट बिघडवणारा जिवाणू) कवचावर असतो तसा आतही असू शकतो, नुसतं धुऊन भागत नाही. तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोवर वर्षभराची बंदी घातली, तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये तशीच. मोमो आणि शॉरमाच्या गाड्यांवर दिवसभर उन्हात ठेवलेल्या बाटल्या हे त्यामागचं मोठं कारण. अंड्याचंच हवं असेल तर पाश्चराइज्ड (जंतू मरतील इतपत तापवलेली) अंडी मिळाली तर ती वापरा, नाही तर दुकानातलं तयार मेयो घ्या. कारखान्यात पाश्चराइज केलेलं अंडं वापरतात.

पेन्शनर_सदाशिव

आम्ही मुले लहान असताना मेयोनेज हा शब्द ऐकला होता तो रशियन सॅलडमुळे. अंडे घरात आणायची सोय नव्हती. आमच्या सौ. कंडेन्स्ड मिल्कच्या डब्यात मोहरीची पूड, मीठ, मिरपूड, थोडे तेल घालून घोटत आणि वरून व्हिनेगर ओतत. व्हिनेगर पडताच ते दूध आपोआप दाटे, मुलांना ती जादू वाटे. गोड असे, पण पाहुणे वाटी चाटूनपुसून ठेवत. आता या धाग्यात गोड रेलिश आणि मोहरी बघून वाटले, आमची कृती फार लांब नव्हती. साखर वगळून तीच करता येईल काय?

आमसूल

@पेन्शनर_सदाशिव काका, नक्की येईल! फक्त कंडेन्स्ड मिल्क आधीच इतकं गोड की रेलिशमधली साखर पूर्ण काढा आणि काकडी नुसत्या व्हिनेगर-मिठात घाला. मस्टर्ड दुप्पट. काकूंना माझा नमस्कार सांगा. त्यांचं मोहरी-व्हिनेगरचं प्रमाण लिहून पाठवलंत तर फार बरं होईल.

मांडवीकाठ

आमच्या गोव्यात माडाच्या सुरेपासून केलेलं विनेगर घरोघरी असतं. रंगाने मातकट, आंबट पण गळ्याला न खरवडणारं. रेलिशमध्ये तेच घालून बघितलं, सॉस जरा काळपट झाला पण चव एकदम गोल आली. पोर्कच्या कटलेटवर लावून पावात घाला आणि मग सांगा.

आमसूल

@मांडवीकाठ, पोर्क माझ्या वाट्याला नाही, पण विनेगर आणणार. आणि हे फार महत्त्वाचं आहे, मूळ कृतीत लिहायला हवं होतं. आपल्याकडचं स्वस्त पांढरं व्हिनेगर बहुतेक वेळा ॲसेटिक ॲसिडमध्ये पाणी घालून केलेलं असतं, लेबलवर 'सिंथेटिक' असं लिहिलेलं दिसेल. चायनीजला ते खपतं. या सॉसमध्ये ते शिजवलेलं नसल्याने नाकात जातं. ज्यावर 'ब्रूड' लिहिलंय ते घ्या, नाही तर सफरचंदाचं.

भटक्या_अणू

अवांतर: मेयो-केचपची एक गोष्ट. अर्जेंटिनात त्या मिश्रणाला 'सालसा गोल्फ' म्हणतात. १९२०च्या दशकात मार देल प्लाता इथल्या गोल्फ क्लबात मित्रांबरोबर कोळंबी खात बसलेल्या एका तरुणाला नुसत्या मेयोचा कंटाळा आला, त्याने वेटरकडून हाताला लागतील ते सॉस मागवले आणि कालवत बसला, असं सांगतात. तो तरुण म्हणजे लुईस लेलोआर. त्याला पुढे १९७० साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. सॉससाठी नाही, शरीरात साखरेचं रूपांतर कसं होतं त्यावरच्या कामासाठी.

तेव्हा केचपवाल्यांनो, तुमच्या बाजूने एक नोबेल आहे.

खारीबटर

@भटक्या_अणू 🙏🙏 आता आमसूलताईंनी काय ते बोलावं.

आमसूल

कोळंबीवर मेयो-केचप छानच लागत असेल. माझा विषय बर्गर आहे. 😏

कॅलरीमोजणी

हौस करा, पण आकडा एकदा बघा. २०० मिली तेल म्हणजे साधारण १६५० कॅलरी. त्या सॉसचा एक टेबलस्पून म्हणजे ७०-८० कॅलरी सहज, आणि कोणी एका टेबलस्पूनवर थांबत नाही. मी अर्ध्या मेयोच्या जागी चक्का घालते. चक्का चांगला घोटून, चाळणीतून काढून, म्हणजे गुठळी राहत नाही. तो स्वतः आंबट असल्यामुळे वेगळं व्हिनेगर लागत नाही. पूर्ण चक्क्याचा करून पाहिलात तर मात्र तो सॉस न राहता रायतं होतो, बर्गरमध्ये तेलाचा गुळगुळीतपणा थोडा तरी हवाच.

ज्यांना दूधही नको त्यांनी छोले शिजवल्यावर उरणारं घट्ट पाणी गार करून दुधाच्या जागी वापरा. मीठ न घालता शिजवलेलं. याचंही मेयो बनतं. छोल्याचा वास येईल ही भीती बाळगू नका, मस्टर्ड आणि कांदा पावडरीखाली तो लपतो.

केळीच्या_बागेत

जळगावहून. कांदा पावडर मिळत नाही म्हणणाऱ्यांनो, आमच्याकडे कांदा वाळवून परदेशी पाठवायचे कारखाने आहेत! जैन उद्योगाचं नाव ऐकलं असेल. मोठ्या किराणा दुकानात वाळवलेल्या कांद्याचे पांढरे तुकडे मिळतात, ते मिक्सरमधून काढा. त्यासाठी पांढरा कांदा लागतो, लालचा नाही. बिरिस्ता (तळलेला कांदा) वाटून घालू नका, तो वास एकदम बिर्याणीचा.

एक विचारायचं होतं. कच्चा कांदा किसून का नाही घालायचा?

आमसूल

@केळीच्या_बागेत, लगेच खायचा असेल तर घाला. पण कच्चा कांदा पाणी सोडतो, आणि रात्रभरात त्याची उग्रता वाढून दुसऱ्या दिवशी सगळा सॉस नुसता कांदा-कांदा होतो. लसणाचंही तेच. कच्चा लसूण घातलेला सॉस तर आठवडाभर ठेवूच नये, तेलकट मिश्रणात कच्चा लसूण ठेवणं सुरक्षितही नाही. वाळवलेली पूड चव हळू सोडते आणि जादाचं पाणी पिऊन घेते, दुहेरी फायदा.

नादखुळा_रस्सा

कोल्हापुरातून दंडवत. सॉस केला, एक नंबर झाला, पण बटाट्याच्या टिक्कीबरोबर मला गोड वाटला. आम्हाला जरा गोड जास्त झालं की चुकल्यासारखं होतं. काय करावं?

आमसूल

तुमचं निरीक्षण बरोबर आहे. मूळ सॉस मांसाच्या खारट, तव्यावर करपलेल्या कडेसाठी बांधलेला आहे, त्याला गोडाची जोड लागते. बटाटा स्वतःच गोडसर. टिक्कीसाठी रेलिशमधली साखर निम्मी करा, मस्टर्ड तीन चमचे घ्या आणि रेलिशमध्ये एखादी हिरवी मिरची बारीक चिरून टाका. टिक्कीलाही मीठ जरा चढं हवं. पनीर असेल तर मूळ प्रमाणच ठेवा.

पाव कापून आतली बाजू लोण्यावर खरपूस भाजा, मग सॉस लावा. न भाजलेल्या पावात तो मुरतो आणि खायला घेईपर्यंत गिजगोळा होतो.

नादखुळा_रस्सा

कांदा-लसूण चटणी घातली तर चालेल का चिमूटभर?

आमसूल

घाला हो. फक्त त्याला 'अमेरिकन' म्हणू नका.

पेन्शनर_सदाशिव

सौ.ना विचारून लिहितो: अर्धा डबा कंडेन्स्ड मिल्क, मोहरीची पूड दीड चमचा, मीठ अर्धा चमचा, तेल चार चमचे, व्हिनेगर पाव कप, तेही थोडे थोडे. मिरपूड अंदाजाने. त्या म्हणतात, घोटताना एकाच दिशेने घोटावे. त्याला शास्त्रीय कारण आहे काय ते लॅबकोट यांनी सांगावे.

लॅबकोट

काका, शास्त्रीय कारण नाही, पण काकूंना हे माझं नाव घेऊन सांगू नका.

बिल्डिंग_क्र_चार

गणपतीत आमच्या सोसायटीत मुलांच्या खाऊचा स्टॉल आहे. ६० बर्गर, आलू टिक्की. हा सॉस करायचं ठरतंय. किती लागेल आणि आदल्या दिवशी करून ठेवला तर चालेल का? घरात करणारे आम्ही दोघंच आहोत.

आमसूल

आदल्या दिवशीच करा, चव तेव्हाच येते. एका बर्गरला २० ग्रॅम धरा, म्हणजे ६० ना १२०० ग्रॅम. मुलं वर सॉस मागतात म्हणून दीड किलोची तयारी ठेवा.

एवढ्यासाठी दुधाचं मेयो घरी करू नका. स्टॉलवर ऊन, गर्दी, उघडी भांडी असतात, तिथे घरचं मेयो नकोच. बिनअंड्याचं तयार मेयो एक किलोच्या पाकिटात मिळतं, ते एक पूर्ण आणि वर थोडं लहान पाकीट घ्या. तयार मेयो आधीच गोड असतं, त्यामुळे रेलिशमध्ये साखर निम्म्याहून कमी. रेलिश साधारण २५० ग्रॅम लागेल, त्यासाठी काकडी पाऊण किलो तरी आणा, पिळल्यावर फार कमी उरते. मस्टर्ड १०० ग्रॅम, कांदा पावडर सात-आठ चमचे, लसूण पावडर दोन, ब्याडगी पूड चार. व्हिनेगर तीन-चार चमचे घालून चाखा, मग पुढे.

पिळायच्या प्लास्टिकच्या बाटल्या घेत असाल तर तोंड जरा मोठं कापा, रेलिशचे तुकडे अडकतात. सगळा सॉस एकदम बाहेर आणू नका. दोन बाटल्या स्टॉलवर, त्याही बर्फाच्या डब्यात, बाकीच्या कुणाच्या तरी तळमजल्यावरच्या फ्रिजमध्ये. बाहेर दोन तास राहिलेली बाटली परत फ्रिजमध्ये जाऊ देऊ नका, टाकून द्या.

बिल्डिंग_क्र_चार

धन्यवाद ताई. तळमजल्यावर खजिनदार राहतात, फ्रिज त्यांचाच घेतो. टिक्कीत कांदा-लसूण नको असलेली दहा-बारा मुलं आहेत, त्यांच्यासाठी?

आमसूल

त्यांच्या वाटणीचा सॉस पावडरी घालण्याआधी वेगळा काढा आणि त्यात पाव चमचा हिंग, थोडी जास्त मस्टर्ड. टिक्की बटाट्याचीच असेल तर तीही नको, जैन मुलांना विचारून घ्या. कच्च्या केळ्याची टिक्की छान होते. बाटलीवर चिकटपट्टी लावून ठळक लिहा, गर्दीत अदलाबदल होते.